घरासाठी ८८ कळांचा डिजिटल पियानो: दुकानात उभं राहून नेमकं काय तपासायचं?

गोदाकाठ_परभणी विचारतात:

मंडळी, मुलगी ११ वर्षांची. ऑनलाइन क्लासमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचा पियानो शिकायलीय, सध्या ६१ कळांच्या हलक्या कीबोर्डवर. मॅडम म्हणतात, आता वजनदार कळांचा ८८ चा घ्या, नाहीतर बोटांना चुकीची सवय लागेल. घरात वडील पेटी वाजवतात, भजनाला काळी एक-काळी दोन या पट्ट्यांमध्ये साथ असते. त्यांनाही संध्याकाळी तासभर त्यावर बसायचंय. म्हणजे वस्तू एक आणि वाजवणारे दोन.

बजेट स्टँड-पेडल धरून ४५ हजार, फार तर दोन-तीन हजार वर. समोर नावं आहेत यामाहा पी-४५ आणि पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११०, रोलँड एफपी-१०. माहितीपत्रकं वाचून वाचून डोकं गरगरायलंय. ६४ पॉलिफोनी (एका वेळी निघू शकणारे आवाज) कमी पडते का? दहाच टोन आणि त्यात पेटी नाही, मग वडिलांचं काय? ठेवायची जागा गच्चीवरची खोली, वर पत्रे. लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आहे. इथं ८८ कळांचा पीस हात लावायला मिळाला नाही, संभाजीनगरला एकच चक्कर होणार. तिथं काय काय बघू?

कळफलक:

टोन, ताल, ब्लूटूथ हे सगळं मागून. आधी कळा बघा. आवाज उद्या मोबाइलच्या ॲपमधूनही काढता येतो, कळा मात्र घेतल्या तशाच राहतात.

‘वजनदार’ हा शब्द दुकानात फार सैल वापरतात. तुमच्या ६१ च्या कळा स्प्रिंगवर आहेत. सेमी-वेटेड म्हणजे तीच स्प्रिंग, थोडं वजन चिकटवलेली. हॅमर ॲक्शनमध्ये प्रत्येक कळेला आतून हातोडीसारखा वजनाचा तुकडा जोडलेला असतो. कळ दाबली की तो उचलला जातो आणि त्याच्याच वजनाने कळ वर येते. तुम्ही लिहिलेली चारही मॉडेलं या शेवटच्या जातीची आहेत, डावीकडच्या खर्जाच्या कळा जड आणि उजवीकडे हलक्या होत जाणाऱ्या. दुकानदाराने पाचवंच एखादं स्वस्त ८८ पुढे केलं तर बंद असतानाच एक कळ दाबून पटकन सोडा. स्प्रिंगची कळ टपकन उसळते, हातोडीची किंचित सावकाश येते.

आता तपासणी. पियानो बंद ठेवून सुरुवात करा. पांढरी कळ आधी पुढच्या कडेला दाबा, मग तीच कळ मागे, काळ्या कळांच्या मधल्या भागात दाबा. मागे जास्त जोर लागणारच. प्रश्न असा की किती जास्त? कळ आत जिथे टेकून फिरते ती जागा पुढे असेल, तर मागच्या बाजूला ती दगडासारखी लागते. जितका पियानो सडपातळ तितका हा धोका जास्त, कारण आत लांब कळ बसवायला जागाच नसते. मुलगी काळ्या कळांवरची रागमाला नव्हे, पण ई-फ्लॅटसारखी मेजर स्केल वाजवायला लागली की अंगठा याच मागच्या भागात पडतो.

मग चालू करा. ‘टच’ची सेटिंग मध्यम आहे का ते बघून घ्या. ‘फिक्स्ड’वर असेल तर कळ हळू दाबा की जोरात, आवाज एकच येतो आणि पुढची सगळी परीक्षा वाया जाते. आता डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ८८ कळा एकेक करून, एकाच बोटाने, एकाच जोराने. एखादी कळ मध्येच ओरडली किंवा मुकी राहिली तर तो पीस नको, डबाबंद दुसरा मागा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, लाजू नका.

तिसरी परीक्षा पुनरावृत्तीची. मधला सी दाबा, अर्धाच वर येऊ द्या, पुन्हा दाबा. असं भराभर. प्रत्येक कळेखाली सेन्सर असतात. पी-४५ मध्ये दोन, एफपी-१० मध्ये तीन. दोनवाली कळ बऱ्यापैकी वर आल्याशिवाय पुढचा ठोका मोजत नाही, तीनवाली अर्ध्यातूनही मोजते. पहिल्या दोन-तीन वर्षांत यावाचून अडत नाही, नंतर जलद ट्रिलमध्ये (शेजारचे दोन स्वर आलटून-पालटून भराभर वाजवताना) स्वर गळायला लागतात तेव्हा कळतं.

६४ पॉलिफोनीचा हिशेब असा: पियानोचा स्टिरिओ टोन असेल तर एका स्वराला बहुधा दोन आवाज खर्ची पडतात, म्हणजे ३२ स्वर. वर स्ट्रिंग्जचा थर चढवला तर आणखी निम्मे. पेडल दाबून ठेवलं की सुटलेले स्वरही मोजणीत राहतात. मर्यादा ओलांडली की यंत्र बहुतेक जुने स्वर गुपचूप कापतं. दुकानात ऐकायचं असेल तर पेडल दाबा, खर्जातलं एक सप्तक वाजवून सोडा आणि उजवीकडे भराभर चढत जा. खालचा गुंजारव मध्येच तुटला की समजा भांडं भरलं. तुमच्या मुलीच्या पायरीवर ६४ पुरतात. पुढे पी-२२५ चे १९२ किंवा एफपी-३०एक्सचे २५६ मिळतात, पण बजेट ताणून आज त्यासाठी जावं असं मला वाटत नाही.

चौघांपैकी कळांसाठी माझं मत एफपी-१०. खऱ्या पियानोत कळ हळू दाबताना जी बारीक खाच बोटाला जाणवते, तीही त्यात आणलीय. खोट एवढीच, की वर बटणं जवळजवळ नाहीत, बऱ्याच गोष्टी ॲपमधून किंवा बटण धरून कळ दाबून कराव्या लागतात. पी-४५ त्याहून साधा, पण दणकट.

पेटीवाला_अंबाजोगाई:

वरचं सगळं मुलीसाठी बरोबर आहे. वडिलांचं मी सांगतो, कारण पेटीचा हात पियानोवर बसताना अडचण वेगळीच येते.

पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, कळ नुसती उघड-मिट करते. पियानोत जोर बोटात. त्यामुळे पेटीवाला पहिल्या दिवशी काही स्वर ठणठणीत आणि काही मेल्यासारखे वाजवतो. दुसरं, पियानोचा स्वर वाजला की विरायला लागतो. ‘सा’ धरून ठेवला तरी तो टिकत नाही, म्हणून भजनाची साथ पोकळ वाटते. उपाय: पाइप ऑर्गनचा टोन लावा (पी-४५ च्या दहांत दोन ऑर्गन आहेत) आणि टच ‘फिक्स्ड’ करा. पेटी नाही वाजणार, पण स्वर टिकेल. खरी पेटी हवी तर यूएसबीने मोबाइल जोडून हार्मोनियमचं ॲप लावायचं. कळा जड आहेत आणि रुंदही, पेटीचं सप्तक अरुंद असतं. वडिलांचा सा ते वरचा सा पंजा सुरुवातीला कमी पडेल, म्हणून पहिले पंधरा दिवस द्रुत लयीत हात घालू नये. मनगट दुखतं.

पट्टीचा प्रश्न ट्रान्सपोजने सुटतो, म्हणजे बोटं तीच ठेवून सगळे स्वर एकेका कळेने वर-खाली सरकवायची सोय. सफेद एक म्हणजे सी धरा. वडिलांना पांढरी एकच्या बोटांनी काळी एक हवी तर +१, काळी दोन हवी तर +३. सफेद चारला +५. गाणारी बाई काळी चारमध्ये असेल तर +८ वर जाण्यापेक्षा –४ घ्या, स्वर तोच, फक्त खालच्या सप्तकातला. काळी पाचला –२. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलीच्या क्लासआधी शून्यावर आणा. नाहीतर मॅडमचा सी आणि घरचा सी वेगळा होईल आणि दोष पोरीच्या माथी.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झवर नसतात. पियानो आणि पेटी जोडीने वाजवायची असेल तर मोबाइलमध्ये ट्यूनर ॲप उघडा, पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा भात्याचा दाब एकसारखा ठेवून वाजवा. आकडा ४३७ आला, तर पियानोचं ट्यूनिंग ४३७ करा. पी-४५ मध्ये ते साधारण ०.२ हर्ट्झच्या पायरीने सरकतं. भाता जोरात मारला की पेटीचा स्वर जरा हलतो, म्हणून तीन-चारदा वाजवून मधला आकडा घ्या.

तानपुऱ्यावर बसणाऱ्यांना पियानोचा शुद्ध गंधार चढा लागेल. तो यंत्राचा बिघाड नव्हे. बारा सारख्या भागांच्या सप्तकात शुद्ध ग ४०० सेंटवर असतो (पूर्ण सप्तक १२०० सेंटचं), तानपुऱ्यातून ऐकू येणारा ग ३८६ च्या आसपास. जवळजवळ १४ सेंटचा फरक. पेटीतही तोच असतो, फक्त तिथे कानाला सवय झालेली असते.

साधा_विद्यार्थी:

दोघांना एकाच वस्तूत बसवू नका. रोज वाजवणार मुलगी, तर तिचाच विचार करा. वडिलांची पेटी घरात आहेच की.

पेटीवाला_अंबाजोगाई:

हेही खरंच. भजनाला पियानो उचलून न्यायचा विचार असेल तर तोही सोडा, पी-४५ साडेअकरा किलोचा आणि सव्वाचार फुटांहून लांब. मंदिराच्या साउंडला जोडायचा म्हटलं तर त्याला वेगळं लाइन आउट (बाहेरच्या साउंडला आवाज द्यायचा जॅक) नाही, हेडफोनच्या जॅकातून घ्यावं लागतं आणि मग स्वतःचे स्पीकर बंद पडतात.

तांत्रिक_नांदेड:

जागा आणि वीज मी घेतो.

गच्चीवर पत्र्याखाली ठेवू नका. यामाहाच्या पुस्तिकांत चालवण्याचं तापमान ५ ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. परभणीत एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर दुपारी विचारूच नका. उष्णतेने कळांखालचं वंगण पातळ होऊन सरकतं, प्लास्टिक वाकतं, कळा एकमेकींना घासायला लागतात. खाली स्लॅबची खोली, खिडकीच्या उन्हापासून दूर, कूलरच्या थेट झोतात नाही (त्या दमटपणाचा त्रास वेगळा). वरच जागा असेल तर उन्हाळ्यापुरता खाली आणा.

विजेचं काळजी करण्यासारखं नाही. पी-४५ चा अडॅप्टर १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा, आणि पियानो खातो जेमतेम ६ वॉट. इन्व्हर्टरवर एलईडी दिव्याएवढा. पण इन्व्हर्टर साधा चौकोनी लहरीचा असेल तर स्पीकरमधून हलकी घरघर येते, विशेषतः हेडफोनमध्ये. घरघर फक्त लाइट गेल्यावरच येते का ते बघा, म्हणजे पियानोवर संशय जाणार नाही. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती येत नाही. सीडीपी-एस११० सहा एए सेलवरही चालतो, लाइटच्या त्रासात हा त्याचा मोठा गुण. पी-४५ सेलवर चालत नाही.

दोन चुका कायम दिसतात. पहिली, अडॅप्टर हरवला की सेट-टॉप बॉक्सचा लावणं. व्होल्ट जुळले तरी पिनचा आतला टोकदार भाग प्लस की मायनस हे दोन्हींच्या लेबलवरच्या गोल खुणेवरून जुळवायचं, अँपिअर मूळपेक्षा कमी नको, आणि पिन सैल बसली तर वाजवताना बंद-चालू होत राहील. दुसरी चूक, इन्व्हर्टरच्या बॅटरीतून थेट १२ व्होल्ट काढणं. चार्ज होत असताना ती बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते. पियानो त्यासाठी बनवलेला नाही.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की अडॅप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोबाइल-लॅपटॉपची केबलही काढा.

आता धूळ. पी-४५ सारख्या दोन सेन्सरच्या पियानोत प्रत्येक कळेखाली रबराची टोपी असते, तिच्यात दोन काळे कार्बनचे ठिपके, खाली सर्किटवर दोन जागा. पहिला ठिपका टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून यंत्र जोर ओळखतं. वेळ कमी म्हणजे आवाज मोठा. मध्ये धुळीचा कण, मुंगी किंवा झुरळाची घाण आली की हिशेब चुकतो आणि कळ कधी मुकी राहते, कधी एकदम किंचाळते. ‘पियानो बिघडला’ म्हणून येणाऱ्यांत हा प्रकार खूपदा असतो. वॉरंटी असेपर्यंत उघडू नका. नंतर, ओळखीच्या कारागिराकडून: तळाचे सगळे स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवायचे, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर कळेला लागतो. सर्किटच्या जागा इअरबडला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसायच्या. रबराचे ठिपके कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने. खोडरबर, सँडपेपर, डब्ल्यूडी-४० यांपैकी काहीही नको, कार्बन निघून जातो किंवा तेलकट थर बसतो. रबराच्या टोप्यांची पट्टी परत बसवताना तिची बारीक शेपटं भोकांतून पूर्ण दाबून ओढायची. एक राहिलं तरी त्या कळेचा आवाज कमी-जास्त येतो.

रोजचं साधं: वाजवून झालं की कापडाचं झाकण. कळा ओल्या-पिळलेल्या मऊ कापडाने, मग कोरड्या. सॅनिटायझर, थिनर, काच पुसायचा स्प्रे वर्ज्य. जेवलेल्या हाताने वाजवू द्यायचं नाही, मुंग्या तेलाच्या वासाला येतात.

गोदाकाठ_परभणी:

खूप कामाचं. गच्ची रद्द, खालची बैठक. आणखी तीन शंका. मुलीला ब्लूटूथ हेडफोन लावून रात्री वाजवता येईल का? मोबाइल जोडायला कुठली केबल? आणि सध्याच्या कीबोर्डचं पेडल पायात न घेताच स्वर लांबतात, दाबलं की तुटतात. नवीन पियानोला ते चालेल?

कळफलक:

पेडल उलटं वाचलं जातंय. काही पेडलं दाबल्यावर सर्किट जोडतात, काही तोडतात. त्यावर लहान स्विच असेल तर सरकवा. नसेल तर कीबोर्ड बंद करा, पेडलला पाय न लावता चालू करा. यामाहाची यंत्रं चालू होताना पेडलची दिशा वाचतात, त्या वेळी पाय पेडलवर असेल तर उलटं धरून बसतात.

नव्या पियानोसोबत येणारं चौकोनी छोटं पेडल बहुधा चालू-बंद एवढंच जाणतं. पी-४५ ला यामाहाचं एफसी३ए लावलं तर अर्धं पेडलही कळतं, आकार खऱ्या पेडलसारखा आणि जड, सरकत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात घ्या, पहिल्या दिवशी नको. छोटं पेडल फरशीवर पळतं, खाली रबरी मॅटचा तुकडा ठेवा.

ब्लूटूथ हेडफोन: नाही. माहितीपत्रकात ‘ब्लूटूथ ऑडिओ’ लिहिलेलं असतं ते मोबाइलमधलं गाणं पियानोच्या स्पीकरवर ऐकण्यासाठी, पियानोचा आवाज हेडफोनला पाठवण्यासाठी नव्हे. ‘ब्लूटूथ मिडी’ तर आवाज नेतच नाही, फक्त कुठली कळ किती जोरात हे सांगतं. एफपी-१० मध्ये हे दुसरंच आहे. आणि ट्रान्समीटर लावून जमवलं तरी कळ दाबल्यावर आवाज मागून येतो, एवढ्या उशिराने वाजवणं अशक्य. वायरचाच हेडफोन घ्या, कान झाकणारा. पी-४५ ला जाड ६.३ मिमी पिन, सीडीपी-एस११० आणि एफपी-१० ला बारीक ३.५. जोड स्वस्तात मिळतो, पण लटकत ठेवला तर जॅक सैल होतो.

केबल: पी-४५ आणि एफपी-१० ला चौकोनी यूएसबी-बी, म्हणजे प्रिंटरची. दुसऱ्या टोकाला मोबाइलचं ओटीजी. चार्जिंगची केबल चालत नाही. पी-४५ च्या यूएसबीतून फक्त मिडी जातं, आवाज नाही. त्यामुळे ‘रेकॉर्डिंग लावलं तर काहीच आलं नाही’ ही तक्रार तिथेच येते.

आणि ऑनलाइन क्लाससाठी एक. झूम पियानोचा लांबणारा स्वर गोंगाट समजून कापतं. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद. मॅडमना तिचं पेडल पहिल्यांदा नीट ऐकू येईल.

तांत्रिक_नांदेड:

स्टँडचं कुणी बोललं नाही. एका नळीचा एक्स-स्टँड ८८ ला घेऊ नका. जोरात वाजवलं की झुलतो आणि मुलीचे गुडघे मधल्या नळीला आपटतात. पी-४५ ला यामाहाचा एल-८५ हा लाकडी स्टँड आहे, नाहीतर लोखंडी झेड किंवा चार पायांचा. पांढऱ्या कळेचा वरचा भाग फरशीपासून ७२-७३ सेंटिमीटर, ही खऱ्या पियानोची उंची. मग खुर्ची अशी, की कोपर कळेच्या पातळीला किंवा किंचित वर. ११ वर्षांच्या मुलीचे पाय टेकत नसतील तर खाली पाट द्या. स्टँड खाली करून जुळवू नका, पुढे वडिलांचं गुडघ्याचं गणित बिघडेल.

घरच्यांना त्रास कळांच्या ठोक्याचाही होतो. हेडफोन लावला तरी खालच्या मजल्यावर धप-धप जाते. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबर, त्याखाली जुनी सतरंजी.

गोदाकाठ_परभणी:

मग ठरलं ते असं: दुकानात एफपी-१० आणि पी-४५ शेजारी शेजारी ठेवून मागच्या भागातल्या कळा दाबून बघायच्या, जो जास्त हलका लागेल तो. लोखंडी झेड-स्टँड, पेडल सोबतचंच. वडिलांनी वाचून सांगितलं, पेटी कुणाला द्यायची नाही, ट्रान्सपोज तेवढं शिकवा. येताना गाडी छोटी आहे, मागची सीट पाडून तिरका बसेल का?

तांत्रिक_नांदेड:

तिरका चालेल, उभा नको. खोक्यावर ‘वर’चा बाण असतो, कळा आकाशाकडे राहतील असा ठेवा. वर बॅगा रचू नका. उन्हात गाडी उभी करून जेवायला थांबू नका. घरी आल्यावर खोकं लगेच उघडून चालू करण्यापेक्षा खोलीच्या तापमानाला तासभर राहू द्या. मूळ खोकं आणि आतले थर्माकोलचे साचे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्यातूनच पाठवा. आणि बिलावर पियानोचा सीरियल नंबर लिहून घ्या, तो तळाच्या स्टिकरवर असतो, खोक्यावरच्याशी जुळवून बघा. शेवटचं: अर्ध्या तासाने पी-४५ आपोआप बंद झाला तर घाबरू नका, तो वीज वाचवतोय. नको असेल तर अगदी डावीकडची कळ दाबून धरून चालू करा.